एका तबकडीच्या दोन बाजू

माझ्या आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं पुष्कळांना नवल वाटेल. ज्याचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, ज्याची सारी हयात शाळेंत पाढे व शुद्धलेखन शिकविण्यांत गेली आणि जो आतां पासष्टीच्या घरांत आला आहे, अशा मास्तरानें अमेरिकेंतील एका कर्णकर्कश म्हणून गाजलेल्या बँडविषयीं काय बोलावें? पण हा विषय मीं निवडला असें म्हणण्यापेक्षां त्यानेंच मला गांठलें, असें म्हणणें अधिक खरें होईल.

सुमारें बावीस वर्षांपूर्वींची गोष्ट. माझा धाकटा मुलगा तेव्हां कॉलेजांत होता. मित्राकडून उतरवून आणलेली एक कॅसेट तो आपल्या खोलींत नेहमीं लावीत असे. भिंतीपलीकडून जो गोंगाट येई तो मीं कसाबसा सहन करीत होतों. पण एके संध्याकाळीं तो गोंगाट एकाएकीं संथ झाला. ढोलाचा एक ठोका पडे, आणि दुसरा पडणार कीं नाहीं अशी शंका येई. गाणाऱ्याचा आवाज चढावर भरलेली गाडी ओढावी तसा रखडत होता. मीं दार लोटलें आणि म्हटलें, “अरे, यंत्राचा पट्टा सैल झाला आहे. टेप मंद फिरते आहे. उद्यां दुरुस्तीला टाक.” मुलगा हंसला व म्हणाला, “बाबा, पट्टा ठीक आहे. हें गाणेंच असें आहे.” “मग गाणेंच दुरुस्तीला टाक,” मीं म्हटलें, “आणि आधीं तें बंद कर!” त्यानें तें बंद केलें. माझ्यासमोर त्यानें तें पुन्हां कधीं लावलें नाहीं.

गेल्या दिवाळींत तो सहकुटुंब घरीं आला असतां माझ्या नातीच्या फोनमधून तेंच गाणें मला ऐकूं आलें. तो रखडता ढोल मीं तात्काळ ओळखला. मला पाहतांच पोरीनें फोन उशीखालीं दडविला आणि म्हणाली, “आजोबा, बाबांना हें फार आवडतें. पण तुमच्यापुढें लावूं नको म्हणून त्यांनीं सांगितलें आहे.” तें वाक्य मला लागलें. बावीस वर्षें ज्या गोष्टीला माझ्या घरांत दार बंद होतें, ती निदान एकदां नीट ऐकावी असें मीं ठरविलें. एकदां ऐकतां ऐकतां दहा-बारा वेळां ऐकली, तिच्याविषयीं मिळेल तें वाचलें. आणि जें समजलें तें आपल्यापुढें ठेवीत आहें.

त्या बँडचें नांव ‘ब्लॅक फ्लॅग’, आणि ध्वनिमुद्रिकेचें नांव ‘माय वॉर’. ती 1984 सालीं निघाली. तिच्या एका बाजूवर सहा गाणीं आहेत आणि दुसऱ्या बाजूवर तीन. पहिल्या बाजूनें त्या बँडचे जुने चाहते थोडेसे गोंधळले. दुसऱ्या बाजूनें ते संतापले. तें कां, हें कळावयाचें तर आधीं हें संगीत कोठून आलें तें पाहिलें पाहिजे.

1970 नंतरच्या दशकांत इंग्लंड-अमेरिकेंतील रॉक संगीत फार भारदस्त झालें होतें. मोठमोठीं सभागृहें, दिव्यांचे खेळ, एकेका वाद्याचें लांबलचक वादन, असा त्याचा थाट. सामान्य मुलानें उठावें आणि तें वाजवावें हें शक्य राहिलें नव्हतें. याविरुद्ध जें बंड झालें त्यास पंक म्हणतात. 1976 सालीं न्यूयॉर्कच्या रामोन्स या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. तींत 14 गाणीं होतीं, आणि तीं सारीं मिळून अर्ध्या तासाच्या आंत संपत. दोन-तीन स्वरसंघ, सरळ ताल आणि चार ओळींचा मजकूर, एवढ्या भांडवलावर गाणें उभें राहतें, हें त्यांनीं दाखविलें.

पंकमधून 1980 च्या सुमारास आणखी एक शाखा फुटली. तिचें नांव ‘हार्डकोअर’. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर कट्टरांतील कट्टर. लॉस एंजेलिसच्या आसपासचीं उपनगरें आणि वॉशिंग्टन शहर हीं तिचीं दोन मोठीं ठाणीं. पंकमध्यें जें थोडें होतें तें यांनीं आणखी कमी केलें, आणि जो वेग होता तो आणखी वाढविला. गाणें दीड-दोन मिनिटांचें. कित्येकदां एक मिनिटाचेंहि नसे. प्रस्तावना नाहीं, आळवणें नाहीं, एकट्या वाद्याचें कौतुक नाहीं. ढोलवाला जितक्या जलद हात चालवूं शकेल तितका चालवी, आणि गायक श्वास पुरेल तोंवर शब्द फेंकी. ऐकणारीं बहुतेक पंधरा ते वीस वर्षांचीं मुलें. तीं खुर्च्यांवर बसत नसत. रंगमंचासमोर एकमेकांवर आदळत, धडकत आणि पडलेल्याला उचलून पुन्हां धडकत. अशा संगीतांत वेग हा नुसता गुण नव्हता. ती ओळख होती, जणूं आपल्या टोळीचा बिल्ला होता.

ब्लॅक फ्लॅग हा या पंथाच्या आद्य बँडांपैकीं एक. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेस समुद्रकांठीं हर्मोसा बीच नांवाचें गांव आहे. तेथें 1976 सालीं तो सुरू झाला. आरंभीं त्याचें नांव ‘पॅनिक’ असें होतें. संस्थापक ग्रेग गिन हा गिटार वाजवी आणि बहुतेक गाणीं रची. नभोवाणीच्या श्रोत्यांना गोड वाटेल अशी एक हकीकत येथें सांगतों. हा गिन लहानपणीं हौशी बिनतारी संदेशवाल्यांपैकीं एक होता. जुनीं रेडिओ-साधनें घ्यावीं, त्यांत सुधारणा कराव्या आणि टपालानें विकावीं, असा धंदा त्यानें बाराव्या वर्षींच काढला होता. त्याचें नांव एस. एस. टी. पुढें त्याच्या बँडची तबकडी काढण्यास कोणी लौकर तयार होईना, तेव्हां त्यानें ती स्वतःच काढली आणि तिच्यावर आपल्या त्याच धंद्याचें नांव घातलें. अशा रीतीनें रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानांतून अमेरिकेंतील एक नामांकित ध्वनिमुद्रण-संस्था जन्मास आली.

1979 च्या आरंभीं निघालेली ती पहिली तबकडी म्हणजे ‘नर्व्हस ब्रेकडाऊन’. तींत चार गाणीं, आणि चारहि मिळून सुमारें सव्वापांच मिनिटें. दोन गाणीं तर पुरतीं एकेक मिनिटाचींहि नाहींत. त्यानंतर गायक बदलत गेले. कीथ मॉरिस गेला, रॉन रेयेस आला. तो गेला, डेझ कडेना आला. आणि 1981 च्या उन्हाळ्यांत वॉशिंग्टनचा हेन्री रोलिन्स नांवाचा वीस वर्षांचा तरुण आला. तोंवर तो आइसक्रीमच्या दुकानांत नोकरी करीत होता. त्याच्या आवाजांत त्या वर्षीं जी मोठी ध्वनिमुद्रिका निघाली ती ‘डॅमेज्ड’. हार्डकोअरचा नमुना म्हणून आजहि तिच्याकडे बोट दाखवितात. तींतील पहिलें गाणें ऐकावें. बंदुकीची गोळी सुटावी तसें तें सुटतें.

पण श्रोतेहो, शाळेंत तीस-पस्तीस वर्षें वह्या तपासल्यामुळें मला शेवटचें पान आधीं पाहण्याची संवय आहे. ‘डॅमेज्ड’चें शेवटचें गाणें ऐका. तें एकाएकीं संथ होतें. गिटार एकाच जागीं घुटमळते, आणि रोलिन्स गातो असें म्हणण्यापेक्षां कोंडलेल्या माणसासारखा बडबडतो, ओरडतो. चौदा धांवत्या गाण्यांनंतर हें पंधरावें पाय ओढीत येतें. त्या वेळीं फारशा कोणीं तें मनावर घेतलें नाहीं. वहीच्या शेवटीं मुलानें काढलेल्या रेघोट्यांसारखें तें समजलें गेलें. पुढें काय होणार होतें त्याची खूण मात्र तेथेंच होती.

यानंतर त्या बँडवर मोठें संकट आलें. ‘डॅमेज्ड’साठीं युनिकॉर्न नांवाच्या कंपनीशीं त्यांनीं करार केला होता, आणि विक्रीची व्यवस्था एम. सी. ए. या बड्या कंपनीमार्फत व्हावयाची होती. त्या बड्या कंपनीच्या अधिकाऱ्यानें, ही तबकडी आईबापांच्या विरुद्ध आहे, असें कारण दाखवून ती बाजारांत नेण्याचें नाकारलें. हें वाचलें तेव्हां मी थोडा ओशाळलों. तो अधिकारी आणि मी, दोघांनीं एकच काम केलें होतें. त्यानें गोदामाचें दार लावलें, मीं खोलीचें. मग कज्जे सुरू झाले. न्यायालयाच्या हुकुमामुळें बँडला स्वतःच्या नांवानें कांहींहि प्रसिद्ध करण्याची बंदी झाली. 1982 मध्यें त्यांनीं जुन्या ध्वनिमुद्रणांचा एक संग्रह काढला. वेष्टनावर बँडचें नांव नाहीं, केवळ वादक-गायकांचीं नांवें. तरीहि न्यायालयाचा अवमान झाला असें ठरून गिन आणि बेसवादक चक डुकोव्स्की यांना थोडे दिवस तुरुंगांत काढावे लागले. अखेर 1983 मध्यें युनिकॉर्नचेंच दिवाळें निघालें आणि बंदी सुटली.

या सक्तीच्या मौनाचा परिणाम काय झाला तो पाहण्यासारखा आहे. बाहेर कांहीं प्रसिद्ध करतां येत नव्हतें, पण आंत सराव चालूच होता. गिनचा सराव म्हणजे रोज तासन् तास, सुट्टीचा दिवस नाहीं. बिल स्टीव्हन्सन हा नवा ढोलवादक त्यास मिळाला होता. हा तरुण ‘डिसेंडंट्स’ या दुसऱ्या बँडांतला, आणि अतिवेगाबद्दल प्रसिद्ध. अशा वादकाला गिन तींच गाणीं मुद्दाम संथ लयींत, पुन्हां पुन्हां वाजवावयास लावी. प्रत्येक ठोका आणि प्रत्येक स्वर स्वतःच्या वजनानें पडला पाहिजे, असा त्याचा आग्रह. अक्षर गिरवितांना आम्ही मुलांना सांगतों, “हळू काढ, म्हणजे कोठें वांकतें तें कळेल,” त्यांतलाच हा प्रकार.

इकडे बाहेर हार्डकोअरचें काय झालें होतें? 1981 मध्यें जें नवें होतें तें 1983 पर्यंत गांवोगांव पसरलें होतें. शेंकडों बँड निघाले. सर्वांचा वेग सारखा, सर्वांचे केस कापलेले, सर्वांचा संताप एकाच मापाचा. बंडाचाहि गणवेश होतो, हें आपणांस इतिहासांत ठायीं ठायीं दिसतें. ज्या वेगानें एके काळीं ऐकणारा दचकत असे, तो वेग आतां त्याला अपेक्षितच असे. आणि अपेक्षित गोष्टीनें कोण दचकतो? गिनपुढें दोन वाटा होत्या. लोकांना हवें तें आणखी जलद वाजवावें, ही एक. जें दचकवीत होतें त्याच्या शोधांत वेगच सोडून द्यावा, ही दुसरी. त्यानें दुसरी वाट धरली. आणि त्याचबरोबर बँडवाल्यांनीं केसहि वाढविले. केसांचें काय एवढें, असें आपण म्हणाल. पण त्या पंथांत लांब केस म्हणजे ज्यांच्याविरुद्ध बंड पुकारलें त्याच जुन्या रॉकवाल्यांची खूण. हा दुसरा अपराध कित्येकांना पहिल्याहून मोठा वाटला.

1983 च्या अखेरीस ‘माय वॉर’चें ध्वनिमुद्रण झालें तेव्हां बँडमध्यें तिघेच उरले होते : गिन, रोलिन्स आणि स्टीव्हन्सन. डुकोव्स्की बँडमधून बाहेर पडला होता. गंमत अशी कीं, ज्या गाण्यावरून ध्वनिमुद्रिकेस नांव मिळालें तें त्या डुकोव्स्कीनेंच रचलेलें. पण तें वाजविण्यास तो नाहीं. बेस म्हणजे खर्जाच्या स्वरांची गिटार. ती वाजविणारा कोणी नाहीं म्हणून गिननें तीहि स्वतःच वाजविली, आणि वेष्टनावर ‘डेल निक्सन’ असें खोटें नांव घातलें. वेष्टनावरचें चित्र त्याच्या भावाचें, रेमंड पेटिबॉनचें. बँडचें चार काळ्या पट्ट्यांचें सुप्रसिद्ध चिन्हहि याच भावानें काढलेलें होतें.

आतां पहिली बाजू ऐकूं. हिच्यांतील सहा गाण्यांत ओळखीचा ब्लॅक फ्लॅग आहे, पण तो बदलूं लागला आहे. पहिल्या गाण्यांत जोर आहे, पण आंधळी धांव नाहीं. गाणें पुढें जातें, थबकतें, पुन्हां उसळतें. गाणीं पूर्वीपेक्षां लांब झालीं आहेत. पांच मिनिटांपुढें गेलेलेंहि एक आहे. आणि ज्या एकट्या वाद्याच्या वादनाला या पंथानें हद्दपार केलें होतें तें परत आलें आहे. पण गिनचें हें वादन सुरेल नव्हे. अपेक्षित स्वराच्या शेजारीं बोट ठेवावें, तेथेंच तें घांसावें आणि श्रोत्याला अस्वस्थ करून सोडावें, अशी त्याची रीत. प्रथम ऐकतांना मला वाटलें, याला वाजवितां येत नाहीं. चौथ्या वेळीं ध्यानांत आलें कीं, चुकीचा वाटणारा तो स्वर प्रत्येक वेळीं ठरल्या ठिकाणींच येतो. ज्याची चूक नेमकी असते त्याची ती चूक नसते.

मग तबकडी उलटावी लागते. येथें थोडें थांबतों, कारण आजच्या तरुणांना ही क्रिया ठाऊक नाहीं. माझ्या नातीच्या फोनमध्यें नऊ गाणीं एकापुढें एक लागतात. सहावें संपून सातवें सुरू होतें तेव्हां मध्यें कांहींच घडत नाहीं. पण 1984 मध्यें ऐकणारा उठे, सुई उचले, तबकडी पालथी करी आणि पुन्हां येऊन बसे. त्या अर्ध्या मिनिटाच्या शांततेनंतर जें ऐकूं येई तें त्याला दुसऱ्याच बँडचें वाटे. दुसरी बाजू म्हणजे तीन गाणीं, प्रत्येक सहा मिनिटांहून मोठें, आणि तिन्हीं मंद, अगदीं मंद. एकूण काळ वीस मिनिटांना थोडा कमी. ज्या बँडनें पहिल्या तबकडींत सव्वापांच मिनिटांत चार गाणीं संपविलीं होतीं, त्याच बँडचें आतां एकेक गाणें त्या चारांहून लांब झालें.

हें मंदपण काय करतें? आपल्या लोकांना समजावयास एक सोपी वाट आहे. ख्याल ऐकणाऱ्याला ठाऊक आहे कीं, विलंबित लयींत दोन मात्रांमधील अंतर वाढतें, आणि त्या अंतरांत गाणाऱ्याची खरी परीक्षा होते. द्रुतांत चूक झाली तर पुढची तान तिला झांकून टाकते. विलंबितांत ती सर्वांसमक्ष उघडी पडते. समेची वाट पाहतांना ऐकणाराहि गाण्यांत ओढला जातो. या तीन गाण्यांतहि तेंच घडतें. स्टीव्हन्सनचा ठोका पडतो, आणि पुढचा येईपर्यंत गिटारचा नाद हवेंत लोंबकळत राहतो, घोंगावतो, कधीं किंकाळीसारखा चढतो. वेगांत रोलिन्स शब्द फेंकून मोकळा होत असे. येथें प्रत्येक शब्द त्याला श्वास संपेपर्यंत उचलून धरावा लागतो. शेवटच्या गाण्याचें तर नांवच ‘स्क्रीम’, म्हणजे किंकाळी. त्यांत शब्द थोडे, बाकीची नुसती आरोळी.

परंतु साम्य येथेंच संपतें. विलंबित ख्यालांत राग उलगडत जातो. एकेक स्वर उजळत जातो. या गाण्यांत कांहींहि उलगडत नाहीं. तोच स्वरसमूह पुन्हां पुन्हां येतो, आणि मुद्दामच येतो. विषय आहे निराशा. आंत कांहीं उरलें नाहीं, ही अवस्था. त्या अवस्थेंत सापडलेल्या माणसाचा दिवस पुढें सरकतच नाहीं, आणि या गाण्यांतील काळहि तसाच सरकत नाहीं. हार्डकोअरमध्यें राग होता, आणि राग हा स्वभावतःच वेगवान. तो दोन मिनिटांत ओकून टाकतां येतो. दुःख तसें टाकतां येत नाहीं. तें वागवावें लागतें. मला वाटतें, गिनला हेंच उमगलें होतें : जो तरुण 1979 मध्यें रागावला होता तो 1984 मध्यें नुसता रागावलेला राहिला नव्हता, आणि त्याच्या नव्या मनःस्थितीला जुनी लय पुरेना.

क्रमहि पाहा. आपल्याकडे विलंबित आधीं, द्रुत नंतर. मन स्थिर करून मग खेळवावें, ही रीत. येथें उलट आहे. आधीं धांवविलें, आणि धांवून दमलेल्या माणसाला मग चिखलांत उभें केलें. म्हणूनच ती दुसरी बाजू इतकी जड वाटते.

याचा अर्थ हें सारें गिननें आकाशांतून आणलें असा नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘फ्लिपर’ या बँडनें पंकमध्यें मंद लय आधींच आणली होती. त्यांची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका 1982 ची. त्याहून मागें गेल्यास इंग्लंडांतील बर्मिंगहॅमचा ‘ब्लॅक सॅबथ’ हा बँड भेटतो. त्याचा डावरा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यांत काम करीत असतां यंत्रांत सांपडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें गेलीं. त्यानें बोटांना टोपणें बसविलीं आणि हलक्या तारा वापरल्या. पुढें तारा सैल करून स्वर खालीं उतरविले. त्यांतून जो खोल, जड नाद निघाला तो 1970 पासून जगभर गेला. पण हार्डकोअरवाल्यांना तो नाद म्हणजे शत्रूचा. तो आपल्या अंगणांत आणून बसविणें, हें गिनचें धाडस.

धाडसाची किंमत पडलीच. या पंथाचीं हौशी नियतकालिकें होतीं. त्यांत टीका झाली कीं, हे फिरले, हे हेवी मेटलवाले झाले. कार्यक्रमांतून मुलें जुनीं गाणीं मागत, आणि मंद गाणें सुरू झालें कीं ओरडत. धडका मारण्यासाठीं आलेल्या मुलानें सहा मिनिटें काय करावें? त्याला धक्काबुक्कीला ताल हवा होता. येथें उभें राहून ऐकावें लागे. प्रामाणिकपणें सांगतों, त्यांची तक्रार सर्वस्वीं खोटी होती असें मला वाटत नाहीं. तिन्ही गाणीं एकाच रंगाचीं आहेत, एकाशेजारीं एक ठेवल्यानें तीं परस्परांना मारतात. खर्जाची गिटारहि कोठें कोठें ताठर वाटते. दोन वाद्यें एकाच हातांनीं भरल्याची ती खूण. दोन मंद गाणीं पुरीं होतीं, असें माझें मत. माझा मुलगा या मताशीं सहमत नाहीं.

तरीहि बँड थांबला नाहीं. दोन वर्षांचें मौन जणूं एकदम फुटलें. त्याच 1984 सालीं त्यांच्या आणखी तीन ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्यांपैकीं ‘फॅमिली मॅन’ हिच्या एका बाजूवर तर रोलिन्सचें नुसतें बोलणें आहे, वाद्य नाहीं. आणि दुसऱ्या बाजूवर बव्हंशीं नुसतीं वाद्यें. ज्या श्रोत्यांनीं मंद गाण्यावर दगड उचलले, त्यांनीं या भाषणाचें काय केलें असेल याची मी केवळ कल्पना करतों. 1985 मध्येंहि नव्या मुद्रिका आल्या, आणि 1986 सालीं हा बँड मोडला. फार पुढें, 2013 पासून, गिननें नवीं मंडळी घेऊन तेंच नांव पुन्हां चालू केलें. तो निराळा विषय.

‘माय वॉर’च्या त्या तिरस्कृत दुसऱ्या बाजूचें काय झालें? ती वायव्येकडे गेली. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यांतील वॉशिंग्टन राज्यांत लांकूडतोडीचीं लहान गांवें आहेत. तेथें ‘मेल्व्हिन्स’ नांवाचा तरुणांचा बँड होता. तोहि प्रथम जलद हार्डकोअरच वाजवी. ‘माय वॉर’ ऐकल्यावर त्यानें आपली लय उतरविली, ती इतकी कीं गिनहि मागें पडावा. त्याच मुलखांतील अबर्डीन गांवचा कर्ट कोबेन हा मेल्व्हिन्सचा स्नेही व चाहता. त्याचा ‘निर्वाणा’ हा बँड 1991 सालीं ‘नेव्हरमाइंड’ या ध्वनिमुद्रिकेनें जगभर गाजला, आणि सिएटल शहराभोंवतीचें तें संगीत ‘ग्रंज’ या नांवानें घरोघर पोंचलें. कोबेनच्या मृत्यूनंतर 2002 मध्यें त्याच्या वह्या छापल्या गेल्या. त्यांतील आवडत्या पन्नास ध्वनिमुद्रिकांच्या यादींत ‘माय वॉर’चें नांव आहे. पंकचा संताप आणि सॅबथचें ओझें एकत्र वागविणारें जें संगीत पुढें दक्षिणेकडील न्यू ऑर्लिअन्सपर्यंत पसरलें, त्याचें एक मूळ याच वीस मिनिटांत आहे.

श्रोतेहो, यावरून मोठें तात्पर्य काढावें असा माझा बेत नाहीं. पण एक गोष्ट मनांत घोळत राहिली ती सांगतों. आपल्याला एखाद्याचें काम आवडतें, तेव्हां त्यानें तेंच पुन्हां पुन्हां करावें अशी आपली इच्छा असते. तो बदलला कीं आपली फसवणूक झाली असें वाटतें. चाहत्यांचें प्रेम हें असें सावकारी असतें. गिनच्या बँडपुढें सोपा मार्ग होता : लोक जें मागतात तें द्यावें. त्यांनीं तो सोडला, श्रोते गमावले, कांहीं चुकाहि केल्या, आणि तरी जें नवें वाटलें तेंच वाजविलें. जें चुकलें तें त्यांच्याबरोबर संपलें. जें साधलें तें कुणीतरी दूरच्या गांवीं उचललें. शाळेंतहि आम्ही असेंच करीत आलों. हुशार मुलगा एका पठडींत चांगला लिहूं लागला कीं ती पठडी आम्हीं त्याच्या हातावर कोरून ठेवावी. एखाद्या दिवशीं त्यानें निराळें लिहिलें तर शाई लाल. किती दुसऱ्या बाजू आम्हीं ऐकल्याच नाहींत, याचा हिशेब आतां कोण करणार?

दिवाळीची सुट्टी संपण्याच्या आदल्या रात्रीं मीं मुलाला म्हटलें, “तें पट्टा सैल झालेलें गाणें लाव पाहूं.” तो प्रथम समजला नाहीं, मग समजला. आम्ही दोघे आणि नात, तिघांनीं मिळून तीं वीस मिनिटें ऐकलीं. दुसऱ्या गाण्याच्या मध्यें नातीनें विचारलें, “आजोबा, कंटाळा आला ना?” मीं म्हटलें, “थोडासा आला. पण पुढचा ठोका पडूं दे. तोंवर उठवत नाहीं.”